घुम्याचं पथ्य

घुम्या खाजवायला बसला की आधी सोफा हलायचा, मग सोफ्याला टेकलेलं कपाट, आणि मग कपाटातल्या काचेच्या बरण्या अशा काही किणकिणायच्या, की खालच्या मजल्यावरचे वकील भूकंप झाला का म्हणून विचारायला वर यायचे. वकिलांना वर यायला एवढं कारण पुरायचं. ते बसायचे, चहा घ्यायचे, घुम्याकडे बघून मान हलवायचे आणि म्हणायचे, "हे लक्षण ठीक नाही."

लक्षण ठीक नाही हे कुणालाही दिसत होतं. घुम्याच्या पोटावरचे केस गेले होते. कानामागे टकलाचे ठिपके पडले होते. पंजे चाटून चाटून त्याने गुलाबी करून टाकले होते. मुळात तो अबोल. भुंकायचं काम त्यानं शेजारच्या इमारतीतल्या कुत्र्यांवर सोडलेलं, म्हणून तर घुम्या हे नाव. पण अलीकडे तो नुसता अबोल राहिला नव्हता, तर दुःखी झाला होता, आणि दोन्हींतला फरक घरात सगळ्यांना कळत होता.

त्याचा मालक वजनमापे खात्यात निरीक्षक होता. मालक म्हणजे कागदोपत्री मालक. घुम्या दिवसभर ज्यांच्या पायाशी पडून असायचा ते होते निरीक्षकांचे सासरे, अप्पा. अप्पांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. सासूबाई गेल्यावर मोठ्या लेकीकडे राहायला आले, खिडकीजवळची खुर्ची धरली, आणि घुम्यानं खुर्चीखालची जागा धरली. दोघंही कमी बोलणारे, त्यामुळे त्यांचं छान जमायचं. निरीक्षकांची बायको मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. निरीक्षक दिवसभर दुकानादुकानांतून काटे तपासत फिरायचे. त्यामुळे घरात उरायचे ते हे दोन घुमे.

निरीक्षक घुम्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

"याला खाण्यातलं काहीतरी सोसत नाहीये," डॉक्टरीणबाई कान तपासत म्हणाल्या. "बहुधा कोंबडी. पण बहुधा म्हणजे नक्की नव्हे. नक्की करायचं तर दोन महिने कडक पथ्य. त्यानं आजवर न खाल्लेलं एकच मांस आणि एकच कंद. नाहीतर तयार खास खाणं मिळतं, ते मागवा. पण त्याशिवाय दुसरं काही नाही. बिस्किट नाही, उष्टं नाही, चाटण नाही. आणि घरात याच्या तोंडात आणखी काय काय जातं तेही एकदा..."

"मॅडम," निरीक्षक म्हणाले, "तुम्ही अगदी निश्चिंत राहा. माझा जन्म मोजमापात गेलाय."

डॉक्टरीणबाईंचं वाक्य तिथंच राहिलं. ते त्यांना पुरं करू दिलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण निरीक्षकांची ही सवय जुनी होती. समोरच्याचं माप अर्धं भरलं, की उरलेलं ते स्वतःच्या अंदाजानं भरून टाकायचे.

त्यांनी तयार खाणं मागवायचं ठरवलं. ते बाहेरून यायचं. आलंही वेळेत, पण घरी नाही, पार्सल ऑफिसात. तिथून निरोप आला की स्वतः येऊन सोडवून न्या. निरीक्षक गेले. रांग मोठी होती. रांगेच्या टोकाला एक शांत चेहऱ्याचा कारकून बसला होता, असा शांत की त्याच्यासमोर उभं राहिलं की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं.

"पोत्यावर एक वजन लिहिलंय," कारकून म्हणाला, "आणि आमच्या काट्यावर दुसरं भरतंय. खाण्याचा माल आहे. फरक असला की तपासणीला जातो."

"तुमचा काटा चुकत असेल," निरीक्षक म्हणाले.

"काटा कसा चुकेल?"

हा प्रश्न निरीक्षकांना विचारायला नको होता. ते वाकले. त्यांनी काट्याची मागची बाजू पाहिली. पडताळणीच्या शिक्क्याची मुदत केव्हाच संपली होती. त्या क्षणी त्यांच्यातला नवरा, जावई आणि कुत्र्याचा मालक असे तिघंही गुपचूप बाहेर निघून गेले आणि आत निरीक्षक तेवढा उरला. त्यांनी खिशातून ओळखपत्र काढलं, पिशवीतून तार आणि शिसं काढलं, आणि सगळ्या रांगेदेखत काटा सील केला. हात झटकले. कर्तव्य केल्याचं जे एक विशिष्ट समाधान असतं ते त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं.

"म्हणजे हा काटा आता बंद," कारकून म्हणाला.

"बंद."

"ऑफिसात हा एकच काटा आहे."

"तो तुमच्या ऑफिसचा प्रश्न आहे."

"आणि वजन झाल्याशिवाय आम्हाला पार्सल सोडता येत नाही," कारकून त्याच शांतपणे म्हणाला आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

जाळीपलीकडे घुम्याचं पोतं दिसत होतं. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "माझ्या नातवाच्या चष्म्याचं पार्सल आहे हो आत." निरीक्षक तिला नियम समजावून सांगणार होते, पण तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे पाहून त्यांनी तो विचार सोडला आणि बाजूच्या दारानं बाहेर पडले.

काटा उघडायचा तर पार्सल ऑफिसच्या वरिष्ठांनी अर्ज करायला हवा. तो अर्ज निरीक्षकांच्याच खात्यात, त्यांच्याच टेबलावर येणार. पण ज्या प्रकरणात स्वतःचा माल अडकलाय तिथं स्वतः सही करायची नाही, असा नियम होता. हा नियम मागे एका बैठकीत निरीक्षकांनीच सुचवला होता आणि तेव्हा टाळ्याही मिळवल्या होत्या. ज्यांची सही चालली असती ते सहकारी रजेवर होते.

म्हणून मग घरीच शिजवायचं ठरलं. घुम्यानं आजवर मासा खाल्ला नव्हता आणि रताळंही. मासा आणि रताळं. मीठ नाही, तेल नाही. निरीक्षक सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पातेलं चढवायचे, शिजलं की काटे काढायचे, मग ऑफिसातून आणलेल्या छोट्या नाजूक काट्यावर, सोनाराकडे असतो तसल्या, घुम्याचा घास तोलून वाडग्यात घालायचे. रताळ्याचं एक टोक जास्त झालं तर ते कापून स्वतः खायचे. घुम्या हे सगळं बघत बसायचा. त्याच्या कपाळावरच्या आठ्या बघून वाटायचं, आपण कुत्रा झालो यात काही चूक तर झाली नाही ना, असा विचार तो करतोय.

पथ्य म्हणजे नुसतं वाडग्यातलं नव्हे, हे निरीक्षकांनी चांगलं जाणलं होतं. घुम्याच्या गळ्यात त्यांनी एक पाटी बांधली. 'मला काहीही खायला देऊ नये.' त्यामुळे झालं एवढंच, की आधी जी माणसं घुम्याकडे न बघता जायची ती थांबून पाटी वाचायला लागली, आणि वाचल्यावर हळहळून निरीक्षकांना विचारायला लागली, "का हो, काही देत नाही का तुम्ही त्याला?" जेवणानंतर फरशी पुसली जायची. चपला बाहेर राहायच्या. घुम्याचे दात निरीक्षक पूर्वीपासून रोज सकाळी घासायचे. इमारतीत दुसरं कुणी आपल्या कुत्र्याचे दात घासत नाही याचा त्यांना थोडा अभिमानही होता. आता दाताच्या फटीत कुठला कण राहू नये म्हणून ते संध्याकाळीही घासायला लागले.

सल्ल्यांचं म्हणाल तर त्यांचा कधीच तुटवडा नव्हता. वकील म्हणाले, त्यांच्या मेव्हण्यानं त्याच्या कुत्र्याला नुसत्या गाजरांवर ठेवलं होतं.

"मग गेली खाज?"

"खाज पार गेली."

"आणि कुत्रा?"

"तोही गेला," वकील म्हणाले. "पण ते वेगळं कारण असेल."

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंचं मत होतं की कुत्र्याला काहीच झालेलं नाही, हवापालट निरीक्षकांना हवाय. हे त्यांनी निरीक्षकांना न सांगता त्यांच्या बायकोला सांगितलं आणि बायकोनं ते नाकारलं नाही, हे निरीक्षकांना भिंतीआडून ऐकू आलं. इमारतीच्या सेक्रेटरींनी सल्ला दिला नाही, नोटीस दिली. पहाटे उकडणाऱ्या माशाचा वास जिन्यातून वर चढतो आणि रहिवाशांना झोप लागत नाही. यावर वकिलांनी तोडगा काढला की गच्चीवर शिजवा, गच्ची सामायिक आहे. निरीक्षक शेगडी घेऊन गच्चीवर गेले. दुसऱ्या दिवसापासून आसपासची झाडून सगळी मांजरं गच्चीच्या कठड्यावर ओळीनं येऊन बसायला लागली. निरीक्षक एका हातानं ढवळत आणि दुसऱ्या हातानं मांजरांना हाकलत. एकदा झाकण उघडायला आणि पाय घसरायला एकच गाठ पडली, आणि त्या दिवशी घुम्याला नुसतं रताळं मिळालं.

कामावरही परिणाम झाला. निरीक्षकांच्या कपड्यांना तो वास इतका मुरला की दुकानदारांना ते कोपऱ्यावर आले की कळायचं. छापा म्हणून जावं तर सगळे काटे पुसूनबिसून ठेवलेले. एक दुकानदार तर हसून म्हणाला, "या साहेब, मघाशीच आलात."

एवढं सगळं करून घुम्याची खाज कमी झाली नाही. उलट वाढली. आता ओठांच्या कडेलाही लाल चट्टे आले.

आणि इथं निरीक्षकांच्या मनात ते आलं, जे यायला नको होतं. आपण पथ्य काट्यावर तोलून पाळतोय. बायको दिवसभर शाळेत. म्हणजे दुपारी घरात कुणीतरी घुम्याला काहीतरी देतंय. दुपारी घरात एकच माणूस असतं.

त्यांनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "अप्पा नाही देणार. मी त्यांना सांगितलंय."

"मी फक्त शक्यता म्हणतोय."

"मग ती शक्यता तुमच्यापाशीच ठेवा."

पण शक्यता स्वतःपाशी ठेवणं निरीक्षकांच्या पेशात बसत नव्हतं. ओट्यावरच्या फळीवर बिस्किटांचा डबा असायचा. सकाळी बाहेर पडताना त्यांनी तो छोट्या काट्यावर तोलला, संध्याकाळी आल्यावर पुन्हा तोलला. डबा हलका झाला होता. दुसऱ्या दिवशीही हलका झाला. तिसऱ्या दिवशीही. गुन्ह्यात एक प्रकारची शिस्त होती.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी तो डबा टेबलाच्या मधोमध आणून ठेवला. शेजारी काटा ठेवला. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. अप्पा सूप पीत होते.

"अप्पा," निरीक्षक म्हणाले, "मला कुणावर आरोप करायचा नाहीये. फक्त घुम्याच्या तब्येतीचा प्रश्न आहे. दुपारी तुम्ही त्याला बिस्किट देता का?"

"नाही," अप्पा म्हणाले.

"लहानसा तुकडा? चहात बुडवून?"

"नाही दिला."

"मग डब्यातलं वजन रोज कुठे जातं?"

 अप्पांनी डब्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली बघायला लागले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अहो, पुरे," बायको म्हणाली.

"एक मिनिट. मी साधा प्रश्न विचारतोय. मी कमीपणा आणायला विचारत नाहीये. काटा खोटं बोलत नाही, अप्पा, एवढंच माझं म्हणणं आहे."

अप्पांनी चमचा वाडग्यात ठेवला. आवाज होऊ न देता ठेवला, घड्याळाचा एखादा बारीक भाग ठेवावा तसा. "बरं," ते म्हणाले आणि उठले. घुम्या त्यांच्या मागोमाग त्यांच्या खोलीत गेला. निरीक्षकांनी सूप संपवलं. ते गार झालं होतं, पण आपलं बरोबर होतं या जाणिवेत त्यांनी ते संपवलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी लेक येऊन अप्पांना घेऊन गेली. भांडण नाही, शब्दाला शब्द नाही. थोडे दिवस तिकडे राहून येतो, म्हणाले. पण हत्यारांची पेटी बरोबर नेली, आणि थोड्या दिवसांसाठी कुणी ती नेत नाही. घुम्या जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. गळ्यातली पाटी उलटी झाली होती, तेवढी निरीक्षकांनी सरळ केली.

पुढचे दिवस ते वाट बघत राहिले, खाज कमी होण्याची. आता तर संशयाला जागाच नव्हती. बिस्किटांचा डबा सकाळ-संध्याकाळ तेवढाच भरत होता. आणि घुम्या पहिल्यापेक्षा जास्त खाजवत होता, शिवाय खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीखाली जाऊन पडत होता आणि तोललेला मासा वाडग्यात तसाच टाकत होता. बायको शाळेतून यायची, वह्या तपासायची आणि कामापुरतं बोलायची.

शेवटी ते त्याला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. मासा, रताळं, फरशी, चपला, पाटी, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी घुम्याचा ओठ वर करून पाहिला.

"दात छान ठेवलेत," त्या म्हणाल्या.

"रोज दोन वेळा घासतो," निरीक्षक म्हणाले. बऱ्याच दिवसांनी कुणी त्यांचं कौतुक करत होतं.

"कशानं?"

"पेस्टनं. कुत्र्यांची खास असते ना. त्याला फार आवडते, चाटून पुसून घेतो."

"कुठल्या चवीची?"

 पेस्टच्या नळीवर एका लालभडक कोंबड्याचं चित्र होतं. ते चित्र त्यांनी रोज दोन वेळा, अगदी जवळून, चष्मा लावून पाहिलं होतं.

"मी तेच विचारत होते त्या दिवशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधं, पेस्ट, चघळायच्या वस्तू. लोकांना वाटतं, हे खाणं नव्हे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं असं निरीक्षकांना वाटलं.

पेस्ट बंद झाली आणि घुम्याचे चट्टे सुकायला लागले. पंधरवड्यात तो शांत झोपायला लागला. बरण्या किणकिणेनाशा झाल्या. वकील खाली बसून कंटाळले असावेत. पार्सल ऑफिसातलं पोतंही याच सुमारास सुटलं. तोवर आतल्या खाण्याची मुदत संपली होती आणि कारकुनानं ते निरीक्षकांना शांतपणे वाचून दाखवलं.

बिस्किटांचा उलगडा धाकट्या मेहुणीच्या फोनवरून झाला. अप्पांची साखर वाढली होती. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर अप्पांनी कबूल केलं की रोज दुपारी चहाबरोबर दोन बिस्किटं खायचो, गोड खाणार नाही असा थोरलीला शब्द दिला होता तरी.

"आणि घुम्याला?" बायकोनं विचारलं.

"घुम्याला तुकडाही नाही. म्हणे तो समोर येऊन बसायचा आणि अप्पा त्याला सांगायचे, तुला नाही रे बाबा, तुझं पथ्य आहे."

बायकोनं फोन ठेवला. हे सगळं तिनं निरीक्षकांना शब्दशः सांगितलं आणि वर एक अक्षरही बोलली नाही. भूगोल शिकवणारी बाई ती, नकाशा उलगडून भिंतीला टांगला की पुढचं मुलींनी बघायचं.

रविवारी निरीक्षक, बायको आणि घुम्या तिघं मेहुणीकडे गेले. माफीचं भाषण निरीक्षकांनी मनात तयार केलं होतं. ते तीन भागांत होतं. मेहुणीचं घर तळमजल्यावर, पुढे थोडी मोकळी जागा, तिथं एका बाकावर अप्पा बसले होते, डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून. घुम्या दोरीसकट धावला. अप्पांनी आधी घड्याळाचं झाकण बंद केलं, मग घुम्याला मांडीवर पुढचे पाय टाकू दिले.

"केस आले की रे," ते त्याला म्हणाले.

निरीक्षक पहिल्या भागाला हात घालणार, तर त्यांना तो आठवेना. "अप्पा, माझं चुकलं," एवढंच तोंडून गेलं. "पेस्ट होती ती. दातांची. मीच देत होतो."

"कळलं मला," अप्पा म्हणाले.

"तुम्ही त्याच दिवशी सांगितलं असतंत की बिस्किटं तुम्ही..."

"ते लेकीसमोर सांगायला लाज वाटली," अप्पा म्हणाले. "पण तुम्ही जे विचारलं होतं त्याचं उत्तर मी दिलं होतं. नाही म्हटलं होतं. तुम्हाला काट्याचं खरं वाटलं."

 निरीक्षक बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. म्हणाले, "घरी चला."

"राग नाहीये माझा," अप्पा म्हणाले. "खरंच नाही. पण इथं बरं वाटतं. जिना नाही. आसपासचे लोक घड्याळं घेऊन येतात. येत जाईन मी, तुम्ही बोलवाल तेव्हा."

निघायची वेळ झाली. निरीक्षकांनी दोरी हातात घेऊन घुम्याला हाक मारली. घुम्या बाकाखाली पडला होता. त्यानं शेपटी हलवली, पण उठला नाही. निरीक्षकांनी पुन्हा हाक मारली, जरा अधिकारानं. त्यानं पुन्हा शेपटी हलवली. अप्पा मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले. निरीक्षकांना दोरी ओढता आली असती. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"राहू दे त्याला," ती म्हणाली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं त्यांच्या दंडाला हात लावला.

तेव्हापासून दर रविवारी निरीक्षक मासा आणि रताळं शिजवून, आठवड्याचे डबे भरून, बस बदलून तिकडे जातात. पाटी काढून टाकलीय. अप्पा डबे घेतात, चहा होतो, साखरेशिवाय. निरीक्षक अप्पांना काही विचारतात आणि अप्पा उत्तर देईपर्यंत थांबतात. कधी कधी त्यांना फार वेळ थांबावं लागतं, कारण अप्पांच्या हातात घड्याळ असतं. घुम्या दोघांच्या मधे पसरतो, त्याचं अंग आता असं भरलंय की टकलाचे ठिपके शोधूनही सापडत नाहीत. निरीक्षक त्याच्या कानामागे खाजवतात, तो डोळे मिटून घेतो.

आणि निरीक्षक जायला उठले की घुम्याही उठतो, अंग झाडतो, त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत येतो आणि तिथं थांबून, शेपटी हलवत, पाहुण्याला निरोप द्यावा तसा ते वळणापलीकडे जाईपर्यंत बघत उभा राहतो.